ठिपक्याचा रंग कोण ठरवतो? : बीबीसी मायक्रो संगणकातील रंगनोंदींचा एक अभ्यास

'रजिस्टर' हा शब्द आपल्या शाळांत इतका रुळला आहे की तो परका वाटत नाही. हजेरीचे रजिस्टर, आवक-जावक रजिस्टर आणि ज्यावरून विद्यार्थ्याचा दाखला तयार होतो ते जनरल रजिस्टर. यांत आखलेले रकाने असतात, प्रत्येक रकान्यात एक नोंद असते आणि त्या नोंदीप्रमाणे पुढचा व्यवहार चालतो. संगणकाच्या आतही रजिस्टरे असतात. तीही नोंदीच धारण करतात, फक्त तेथील नोंद शब्दांत नसून अंकांत असते. त्यांतील एका रजिस्टरचा, म्हणजे पडद्यावर दिसणारे रंग ठरविणाऱ्या रजिस्टरचा, परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विषय तांत्रिक वाटला तरी बेरीज-वजाबाकी येणाऱ्या कोणालाही तो समजण्याजोगा आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने त्यात का शिरावे, याचे उत्तर लेखाच्या उत्तरार्धात येईल.

यंत्राची निवड

आजचे संगणक व मोबाइल इतके गुंतागुंतीचे आहेत की त्यांच्या आत डोकावणे नवशिक्याला शक्य होत नाही. म्हणून येथे एक जुना, सुटसुटीत घरगुती संगणक निवडला आहे. केंब्रिज येथील एकॉर्न कॉम्प्युटर्स या कंपनीने डिसेंबर १९८१ मध्ये 'बीबीसी मायक्रो' बाजारात आणला. ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनने सामान्य जनतेला संगणकसाक्षर करण्यासाठी जो उपक्रम हाती घेतला होता, त्यासाठी हे यंत्र तयार झाले. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर हे त्याच्या प्रमुख रचनाकारांपैकी होत. पुढे आजच्या बहुतेक मोबाइलमध्ये असलेल्या 'आर्म' प्रक्रियकाची पायाभरणीही याच दोघांनी केली.

या यंत्राचा आपल्या देशाशीही थेट संबंध आहे. १९८४-८५ मध्ये केंद्र शासनाने शालेय संगणक साक्षरतेसाठी 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू केला. त्यात निवडलेले यंत्र बीबीसी मायक्रो हेच होते. प्रारंभी देशभरातील सुमारे २५० शाळा त्यात होत्या. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे त्या दशकात शाळेत होते, त्यांच्या पिढीचा शालेय संगणक तो हाच. आज त्याची प्रतिकृती, म्हणजे त्याच्यासारखेच वागणारे सॉफ्टवेअर, 'जेएसबीब' व 'बीबईएम' या नावांनी विनामूल्य उपलब्ध आहे. त्यामुळे पुढे दिलेले प्रयोग कोणत्याही साध्या संगणकावर करून पाहता येतात.

ठिपका, क्रमांक आणि रंग

पडद्यावरचे चित्र ठिपक्यांचे बनलेले असते. बीबीसी मायक्रोमध्ये पडद्याचे अनेक प्रकार असून त्यांना 'मोड' म्हणतात. मोड २ मध्ये आडवे १६० व उभे २५६ ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्यासाठी स्मृतीत चार बिट राखून ठेवलेले असतात. चार बिटांत ० ते १५ अशा १६ संख्या मावतात. एका बाइटमध्ये दोन ठिपके बसतात, म्हणून पूर्ण पडद्याला २०,४८० बाइट लागतात. यंत्राची एकूण स्मृती ३२,७६८ बाइट! म्हणजे निम्म्याहून अधिक जागा केवळ चित्रासाठी खर्च होते. एवढ्या तुटपुंज्या जागेत काटकसर ही अपरिहार्यच होती.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. स्मृतीत ठिपक्याच्या जागी 'तांबडा' किंवा 'निळा' असे काही लिहिलेले नसते. तेथे केवळ एक क्रमांक असतो. ३ क्रमांकाचा ठिपका कोणत्या रंगाचा दिसावा हे तो ठिपका ठरवीत नाही. त्यासाठी यंत्रात एक स्वतंत्र तक्ता असतो. त्याला पॅलेट म्हणतात, आपण रंगतक्ता म्हणू. या तक्त्यात १६ खण आहेत. चित्र पडद्यावर पाठविणारी चकती प्रत्येक ठिपक्याचा क्रमांक वाचते, त्या क्रमांकाचा खण उघडते आणि तेथे जो रंग नोंदवला असेल तो दाखविते. टीव्हीच्या पडद्यावर ही क्रिया सेकंदाला ५० वेळा, संपूर्ण चित्रासाठी, अखंड चाललेली असते.

प्रत्यक्ष रंग मात्र आठच. तांबडा, हिरवा व निळा हे तीन मूळ प्रकाश एक तर पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद, एवढीच सोय. तांबड्याची किंमत १, हिरव्याची २, निळ्याची ४ धरली की बेरजेने सर्व रंग मिळतात : ० काळा, १ तांबडा, २ हिरवा, ३ पिवळा (तांबडा अधिक हिरवा), ४ निळा, ५ किरमिजी, ६ आकाशी, ७ पांढरा. ८ ते १५ हे लुकलुकणारे रंग होत. तेथे एक रंग आणि त्याचा पूरक रंग आलटून पालटून दिसतात : ९ म्हणजे तांबडा व आकाशी, ११ म्हणजे पिवळा व निळा. प्रत्येक जोडीतील दोन रंगांची बेरीज ७ येते, हे विद्यार्थ्यांनी पडताळून पाहावे.

रजिस्टरात नोंद कशी करावी

रंगतक्त्यात नोंद करण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग यंत्राच्या व्यवस्थेमार्फत जाण्याचा. 'व्हीडीयू १९, क्रमांक, रंग, ०, ०, ०' ही आज्ञा दिली की ती व्यवस्था योग्य खणात योग्य रंग नोंदविते. 'व्हीडीयू १९, १, ४, ०, ०, ०' म्हणजे १ क्रमांकाचे सर्व ठिपके यापुढे निळे दिसावेत. 'व्हीडीयू २०' दिले की सर्व नोंदी पूर्ववत होतात.

दुसरा मार्ग थेट रजिस्टरात लिहिण्याचा. रंगतक्त्याचे रजिस्टर ६५०५७ या पत्त्यावर आहे. बीबीसी बेसिक या भाषेत पत्त्याआधी प्रश्नचिन्ह घातले की त्या पत्त्यावर संख्या लिहिता येते. लिहावयाच्या संख्येचे सूत्र असे :

संख्या = (१६ × खणाचा क्रमांक) + (७ − रंग)

१६ ने गुणण्याचे कारण असे की आठ बिटांच्या त्या संख्येतील वरचे चार बिट खण दाखवितात व खालचे चार रंग. ७ मधून वजा करण्याचे कारण असे की हे रजिस्टर रंगाचे तीन बिट उलट करून साठविते, म्हणजे प्रकाश चालू असेल तेथे ० आणि बंद असेल तेथे १. उदाहरणार्थ, १ क्रमांकाच्या खणात तांबडा (१) लिहावयाचा असेल तर १६ + ६ = २२. म्हणून आज्ञा : '?६५०५७=२२'. तोच खण निळा (४) करावयाचा तर १६ + ३ = १९. हे सूत्र ० ते ७ या स्थिर रंगांसाठी आहे. (प्रत्यक्ष टंकताना आज्ञा रोमन लिपीत व आकडे इंग्रजी पद्धतीने टंकावेत.)

मोड २ सुरू होताच पहिल्या आठ खणांत जे रंग आपोआप येतात, त्यांच्या संख्या या सूत्राने काढल्यास ७, २२, ३७, ५२, ६७, ८२, ९७, ११२ अशी मालिका मिळते. प्रत्येक वेळी १५ ची वाढ. ती १६ ची का नाही, याचा विचार करताना मुलांना सूत्राचा अर्थ आपोआप उमगतो.

या रजिस्टराचा आणखी एक विशेष म्हणजे त्यात लिहिता येते, पण ते वाचता येत नाही. आधी काय नोंद होती हे यंत्राला विचारून कळत नाही. म्हणून यंत्राची व्यवस्था पहिल्या मार्गाने केलेल्या नोंदींची एक प्रत स्वतःजवळ ठेवते. आपण थेट लिहिले तर ती प्रत जुनीच राहते : पडद्यावर एक आणि दप्तरी दुसरेच. थेट लिहिण्याचे स्वातंत्र्य घेणाऱ्याने आपल्या नोंदींचा हिशेब स्वतः ठेवावा, हा नियम येथून शिकता येतो.

शेजाऱ्याच्या क्रमांकाचा प्रश्न

मोड १ मध्ये ठिपके अधिक बारीक, आडवे ३२० असतात. त्याबदल्यात रंग चारच मिळतात, कारण प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला दोनच बिट येतात. रंगतक्ता मात्र तोच, १६ खणांचा. खण उघडण्यासाठी तो नेहमीप्रमाणे चार बिट मागतो. त्यांतील दोन बिट त्या ठिपक्याचे स्वतःचे असतात, उरलेले दोन त्याच बाइटमधील दुसऱ्या ठिपक्याचे असतात! काळजी घेतली नाही, तर दुसऱ्याच्या क्रमांकावरून याचा रंग बदलेल.

उपाय साधा आहे. चार क्रमांकांपैकी प्रत्येकाला चार-चार खण द्यावयाचे आणि चारही खणांत एकच रंग नोंदवावयाचा. क्रमांक ० साठी खण ०, १, ४, ५. क्रमांक १ साठी २, ३, ६, ७. क्रमांक २ साठी ८, ९, १२, १३. क्रमांक ३ साठी १०, ११, १४, १५. असे केले की शेजारचे दोन बिट काहीही असोत, ठिपक्याचा रंग तोच राहतो. थेट लिहिणाऱ्याने चारपैकी एखादा खण विसरला तर चित्रात मधूनच चुकार रंगाचे ठिपके उमटतात. व्हीडीयू १९ ही आज्ञा वापरल्यास चारही नोंदी व्यवस्था स्वतः करते.

प्रयोग : पंचरंगी धम्मध्वज

१८८५ मध्ये कोलंबो येथे बौद्ध ध्वजाची निर्मिती झाली. त्यात निळा, पिवळा, तांबडा, पांढरा व नारिंगी असे पाच उभे पट्टे आणि सहाव्या पट्ट्यात हेच पाच रंग वरून खाली, अशी रचना आहे. तो मोड २ मध्ये काढून पाहू.

पहिली अडचण लगेच पुढे येते. आठ रंगांत नारिंगी नाही. नारिंगीसाठी तांबडा पूर्ण व हिरवा अर्धा हवा, पण या यंत्राला 'अर्धा' ठाऊक नाही. मार्ग असा की एक आडवी ओळ तांबडी, पुढची पिवळी, असे आलटून पालटून काढावे. दुरून पाहता डोळाच त्यांचे मिश्रण करतो आणि नारिंगी दिसतो.

प्रत्येक पट्टा २६ ठिपके रुंद व २०० ओळी उंच घेतल्यास सहा पट्ट्यांचे १५६ ठिपके होतात, ते १६० च्या मर्यादेत बसतात. सहाव्या पट्ट्यातील प्रत्येक रंगाला ४० ओळी येतात. आता क्रमांक वाटून घ्यावेत : १ निळ्यासाठी, २ पिवळ्यासाठी, ३ तांबड्यासाठी, ४ पांढऱ्यासाठी. नारिंगी पट्ट्यातील तांबड्या ओळींसाठी ५ व पिवळ्या ओळींसाठी ६. येथे कोणी म्हणेल की नारिंगीसाठी ३ व २ हेच क्रमांक पुन्हा वापरावेत, कारण रंग तेच आहेत. परंतु तसे केल्यास तांबड्या पट्ट्याचा रंग बदलताच नारिंगी पट्टाही अर्धा बदलेल. ज्याला स्वतःचा खण नाही, त्याचे भवितव्य दुसऱ्याच्या नोंदीवर अवलंबून राहते.

आता खरी गंमत. मोड २ सुरू करून आधी १ ते ६ या खणांत काळा रंग नोंदवावा : २३, ३९, ५५, ७१, ८७, १०३. मग पूर्ण ध्वज काढावा. ध्वज स्मृतीत तयार होतो, पण पडदा काळाच राहतो. नंतर एकामागून एक या सहा संख्या लिहाव्यात : १९, ३६, ५४, ६४, ८६, १००. प्रत्येक संख्येसरशी एकेक रंग क्षणात उजळतो. २०,४८० बाइटांपैकी एकालाही हात न लावता केवळ सहा नोंदींनी सारा ध्वज प्रकटतो. ध्वज आधीपासून तेथेच होता. त्याला काळे ठेवणारी नोंद तेवढी बदलली.

जुन्या यंत्रांवरील पुष्कळ हलती चित्रे याच युक्तीने केली जात. पाण्याच्या लाटा वेगवेगळ्या क्रमांकांत एकदाच काढून ठेवावयाच्या आणि तक्त्यातील रंग पुढे सरकवीत राहावयाचे, की पाणी वाहताना दिसते. १९८४ मध्ये डेव्हिड ब्रेबेन व इयान बेल यांनी रचलेल्या 'एलिट' या खेळात तर पडदा रंगविला जात असतानाच मध्येच रजिस्टरे बदलून वरचा भाग बारीक ठिपक्यांचा व खालचा अधिक रंगांचा दाखविला होता. क्रमांक वेगळा व रंग वेगळा ठेवण्याची ही कल्पना आजही टिकून आहे. १९८७ मध्ये आलेल्या 'जिफ' या चित्रप्रकारात २५६ पर्यंत रंगांचा असाच तक्ता चित्रासोबत जोडलेला असतो.

वर्ण आणि नोंद

आता इतिहासाकडे वळू. 'वर्ण' या शब्दाचा एक अर्थ रंग आणि दुसरा अर्थ समाजातील श्रेणी. श्रेणी ही माणसाच्या अंगभूत रंगासारखी जन्मजात असते, असे शतकानुशतके सांगितले गेले. सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात वासेट्ठ व भारद्वाज हे दोन ब्राह्मण तरुण बुद्धांना हाच प्रश्न विचारतात : ब्राह्मण जन्माने होतो की कर्माने? बुद्धांच्या उत्तराचा आशय असा की गवत, वृक्ष, कीटक, पशू, पक्षी यांच्यात जन्मजात भेदाच्या खुणा दिसतात, माणसांत तशा खुणा नाहीत. माणसामाणसांतील भेद हा व्यवहाराने ठेवलेल्या नावांचा आहे. कोण काय आहे, हे त्याच्या कृतीवरून ठरते.

ठिपक्यात रंग नसतो, रंग नोंदीत असतो, हे यंत्र आपल्याला दाखविते. माणसाच्या देहात श्रेणी नसते, ती समाजाच्या नोंदवहीत असते, हे बुद्धांनी सांगितले. आणि नोंदी माणसांनी केलेल्या असतील तर त्या माणसांना बदलताही येतात, हे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेऊन कृतीने दाखविले. त्यानंतर शाळांच्या जनरल रजिस्टरात धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहून घेण्यासाठी आपल्या आधीच्या पिढीने किती आग्रह धरला, हे या स्मरणिकेच्या ज्येष्ठ वाचकांना सांगावयास नको. धर्मांतरित बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती मिळण्यास १९९० साल उजाडावे लागले. एका रकान्यातील एका शब्दाचे वजन एवढे असते.

उपमा मात्र मर्यादेतच वापरावी. यंत्रातील नोंद एका आज्ञेने बदलते. समाजातील नोंद कागदावर बदलली तरी पाहणाऱ्याच्या मनात जुनी प्रत शिल्लक राहते. ठिपका निर्जीव आहे, त्याला काळे ठेवल्याचे दुःख होत नाही. माणसाला होते. म्हणूनच दीक्षेसोबत बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञाही दिल्या. केवळ नाव बदलून भागणार नाही, आचरणही बदलले पाहिजे, हे त्यांना नेमके ठाऊक होते.

यंत्राच्या आत जाण्याचा अधिकार

आणखी एक मुद्दा विद्यार्थ्यांच्या व पालकांच्या दृष्टीने मला अधिक महत्त्वाचा वाटतो. यंत्रसंस्कृतीविषयी बाबासाहेबांची भूमिका स्पष्ट होती. १९४५ च्या आपल्या काँग्रेस व गांधीजींवरील ग्रंथात त्यांनी यंत्रांचे समर्थन केले. यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते व फुरसतीशिवाय सुसंस्कृत जीवन शक्य नाही, दोष यंत्राचा नसून ते काहींच्याच ताब्यात ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे, असे त्यांच्या प्रतिपादनाचे सार आहे.

बीबीसी मायक्रो घेणाऱ्याला त्याच्या आत जाण्याची वाट मोकळी होती. रजिस्टरांचे पत्ते व अर्थ छापील पुस्तकांत मिळत. यंत्र सुरू करताच आज्ञा लिहिण्याची जागा समोर येई. परंतु आपल्या देशातील लाखो शाळांपैकी त्या प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यात सुमारे अडीचशेंच्याच वाट्याला हे भाग्य आले. यंत्र खुले होते, दार मात्र मोजक्यांसाठीच उघडले होते. आज परिस्थिती उलट झाली आहे. मोबाइल घरोघरी आहे, पण त्याच्या आतील रजिस्टरांपर्यंत सामान्य मुलाला पोचता येत नाही. दुसऱ्याने भरून दिलेल्या रंगतक्त्यातून तो जग पाहतो. वापरणारा होणे आणि जाणणारा होणे यांतील हे अंतर आपल्या मुलांनी ओलांडले पाहिजे. ज्यांच्या पूर्वजांना अक्षर लिहिण्याची मनाई होती, त्यांनी तरी केवळ वाचणाऱ्याच्या भूमिकेवर समाधान मानू नये.

स्वाध्याय

१. मोड २ मध्ये ७ क्रमांकाच्या खणात हिरवा रंग नोंदविण्यासाठी ६५०५७ या पत्त्यावर कोणती संख्या लिहावी लागेल?

२. मोड १ मध्ये क्रमांक २ ला पिवळा रंग द्यावयाचा आहे. लिहावयाच्या चारही संख्या काढा. (उत्तर : १३२, १४८, १९६, २१२. कसे ते दाखवा.)

३. धम्मध्वजाच्या प्रयोगात नारिंगी पट्टा शेवटी उजळावा यासाठी सहा संख्यांपैकी कोणत्या दोन मागे ठेवाल? निळा शेवटी हवा असेल तर?

४. आपल्या दाखल्यावर कोणकोणते रकाने आहेत ते पाहा. त्यांतील कोणत्या नोंदी तुमच्याविषयीच्या वस्तुस्थिती आहेत आणि कोणत्या समाजाने ठेवलेली नावे आहेत, याची दोन स्तंभांत मांडणी करा व घरातील वडीलधाऱ्यांशी चर्चा करा.

समारोप

या प्रयोगांसाठी नवे यंत्र विकत घ्यावे लागत नाही. शाळेतील जुना संगणक, विनामूल्य प्रतिकृती आणि आठवड्यातील एक तासिका पुरते. माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकजण आज अभियांत्रिकी व संगणक क्षेत्रात आहेत. त्यांनी वर्षातून एक दिवस येऊन मुलांना एवढा एक धडा प्रत्यक्ष करून दाखविला, तरी संस्थेला ती मोलाची भेट ठरेल. मुलांनी स्वतः सहा संख्या काढाव्यात, स्वतः टंकाव्यात आणि काळ्या पडद्यावर धम्मध्वज उजळताना पाहावा. रंग कोठून आला, हे त्यांना पुन्हा सांगावे लागणार नाही.